पटावर नाव, हजेरी शून्य

शाळेत दोन आकडे असतात. एक पटाचा, दुसरा हजेरीचा. पट म्हणजे रजिस्टरमध्ये किती नावं आहेत; हजेरी म्हणजे आज बाकावर किती मुलं बसली आहेत. शिक्षकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा लाखो मुलं कागदावर शिकत होती आणि वर्गात नव्हती, हे उघड झालं. त्या नावांवर शिक्षकांची पदं मंजूर होत होती, अनुदान येत होतं, पोषण आहाराचा तांदूळ येत होता. अनुदान पटावर मिळतं म्हटल्यावर पट फुगणारच. त्यात नवल नाही.

गरीब वस्त्यांत स्वच्छ इंधन पोहोचवण्यासाठी जे पैसे दिले जातात, मग ते सरकारचे असोत, कंपन्यांचे असोत की परदेशी फाउंडेशनांचे, ते जवळजवळ सगळे पटावर दिले जातात. किती शेगड्या वाटल्या, किती कनेक्शनं दिली, किती कुटुंबांपर्यंत पोहोचलो. दीड वर्षाने त्या शेगडीवर भाकरी भाजली जाते का, हे बघायला सहसा कुणी जात नाही, कारण बघायला जाण्याचे पैसे कुणी देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हजेरीसाठी पैसे द्या. ते जमत नसेल तर निदान वाटपाचा मांडव तरी घालू नका.

धूर म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खेडं येतं. पण महात्मा फुले मंडईच्या दगडी मनोऱ्यापासून पंधरा-वीस मिनिटं चाला. शुक्रवार पेठ मागे पडली की गंज पेठ, मोमीनपुरा, लोहियानगर आणि पुढे काशेवाडी. दहा बाय दहाच्या खोल्या, एका खोलीत दोन पिढ्या, कधी तीन. माझ्या वर्गातली बरीच मुलं याच गल्ल्यांतून येतात. त्यांच्या अम्मी, दादी, खाला मंडईत भाजी विकतात, लसूण सोलून देतात, दुकानांत झाडलोट करतात. संध्याकाळी परतताना डोक्यावर मोडक्या पेट्यांच्या फळ्या असतात. आंब्याचा हंगाम असला की पेट्या भरपूर. बुरूड आळीतून बांबूचे उरलेले तुकडे मिळतात. हे सगळं चुलीत जातं.

यातल्या बहुतेक घरांत गॅस आहे, हे नीट ऐका. कनेक्शन आहे, पुस्तक आहे, लाल टाकी कोपऱ्यात उभी आहे. सकाळचा चहा आणि मुलांचा डबा तिच्यावर होतो. डाळ, भाकरी आणि सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी मात्र दारात तीन विटांवर. पुण्यातल्या वाड्यांत पूर्वी तांब्याचा बंब असायचा, तांबट आळीत घडवलेला. आता त्याच्या जागी पत्र्याचा डबा आहे. जळतं तेच लाकूड. अंघोळीच्या पाण्याला किती इंधन लागतं, हा प्रश्न मी आजवर एकाही योजनेच्या अर्जात पाहिलेला नाही. अर्ज लिहिणाऱ्याच्या घरी गिझर असतो.

हा धूर किती महागात पडतो, हे सांगायला डॉक्टर पुरेसे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली, त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं होती. पुण्याचेच डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की, फुफ्फुसाचा जो आजार आपण बिडी-सिगारेटशी जोडतो, तो जन्मात कधी बिडी न ओढलेल्या लाखो माणसांना होतो, आणि त्याचं एक मोठं कारण चुलीचा धूर आहे. आमच्या मोहल्ल्यात अशा बायका पन्नाशीतच दोन जिने चढून थांबतात, भिंतीला हात टेकतात. 'दमा आहे' म्हणतात. चुलीचं नाव कुणी घेत नाही.

आता आकड्यांचा खेळ बघा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला बलियात सुरू झाली. आठ कोटींवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादला दिलं गेलं, ठरलेल्या मुदतीच्या सात महिने आधी. हे छोटं काम नाही. ज्या घरात गॅस कधीच आला नसता तिथे तो गेला, आणि तो बाईच्या नावावर गेला. ते श्रेय मी नाकारत नाही. पण त्याच वर्षी महालेखापालांचा अहवाल आला. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतच्या ३.१८ कोटी लाभार्थ्यांचा वर्षाचा सरासरी वापर ३.२१ सिलिंडर. २०२४-२५ मध्ये सरकारच्याच आकड्यांप्रमाणे तो साडेचारच्या आसपास आला. पाच माणसांच्या घरात सगळं गॅसवर करायचं तर महिन्या-दीड महिन्याला एक टाकी लागते. म्हणजे पट शंभर टक्के, हजेरी निम्मी. बाकीचे दिवस मूल कुठे होतं? चुलीपाशी.

आणि ही सरासरी थोडी तरी का वाढली? लोकांना आरोग्याचं महत्त्व पटलं म्हणून नव्हे. मे २०२२ मध्ये सरकारने उज्ज्वलाच्या प्रत्येक टाकीवर २०० रुपये द्यायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० केले. टाकी भरायला पैसे दिले, टाक्या भरल्या गेल्या. इतकं साधं आहे. पण २०२५-२६ साठी ही सवलत वर्षाला बारा टाक्यांवरून नऊवर आणली, आणि एप्रिल २०२५ मध्ये टाकी ५० रुपयांनी महाग झाली, उज्ज्वलावाल्यांनाही. जो खर्च खरोखर काम करतो, त्यालाच कात्री आधी लागते.

हे आपल्याला आधी माहीत नव्हतं, असंही नाही. १९८० च्या दशकात केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि २००२ मध्ये बंद केला. तोपर्यंत तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या होत्या. बसवलेल्या चुलीमागे पैसे मिळत, म्हणून चुली बसल्या. कितीतरी चुलींच्या नळ्या वर्षभरात तुंबल्या, माती तडकली, आणि बायकांनी शेजारी आपली जुनी चूल पुन्हा मांडली. पुढे ओडिशात ग्राम विकास या संस्थेने वाटलेल्या चुलींचा एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २,६०० कुटुंबांमध्ये चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर फरक उरला नाही. चुलींची दुरुस्ती झाली नाही, वापर घटत गेला. एका वर्षाचा अहवाल लिहून मोकळे झालेल्यांना हे यश वाटलं असतं. चार वर्षं थांबले म्हणून खरं कळलं.

जगाच्या बाजारातही हेच. सुधारित चुलीमुळे कमी झालेला धूर 'कार्बन क्रेडिट' म्हणून विकता येतो. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी असे प्रकल्प तपासले, तेव्हा प्रत्यक्ष बचतीच्या नऊ पटींहून जास्त क्रेडिट मिळालेलं निघालं. कारणांमध्ये एक मोठं कारण हे की चूल दिली म्हणजे वापरली, आणि जुनी चूल विझली, असं धरून चाललं होतं. याला आमच्या भाषेत बोगस पट म्हणतात.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. आमच्या भागात बायकांचा एक बचत गट आहे. बारा-पंधरा जणी, मुस्लिम आणि मातंग दोन्ही घरांतल्या. गेल्या वर्षी त्या माझ्याकडे एक अर्ज घेऊन आल्या. "टीचर, तुम्हीच लिहा, आम्हाला हे जमत नाही." अर्ज इंग्रजीत होता, एका देणगीदार संस्थेचा. मी त्यांना विचारलं, तुम्हाला नक्की काय पाहिजे? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, 'टाकीचा गल्ला': महिन्याच्या शेवटी हातात पैसे नसतात तेव्हा टाकी भरायला गटाने उसने द्यायचे, पंधरा दिवसांत परत घ्यायचे. दोन, जुन्या रबरी नळ्या आणि रेग्युलेटर बदलणं, कारण वास आला की सासू गॅस बंद करून चूल पेटवते आणि मग तो बंदच राहतो. तीन, एका बाईला महिन्याला थोडा पगार, तिने घरोघर जाऊन बघावं, बुकिंग करून द्यावं, बँकेत अडकलेली सबसिडी सोडवावी.

तीनही गोष्टी शहाणपणाच्या होत्या. दोन महिन्यांनी फोनवर उत्तर आलं: "कल्पना चांगली आहे, पण यात दाखवण्यासारखं काय आहे?" आणि त्यांनीच सुचवलं की दोनशे शेगड्यांचं वाटप ठेवा, त्याला लगेच मंजुरी मिळेल. त्या बायकांच्या घरी शेगड्या आहेत. शेगडी खालची टाकी रिकामी आहे. गटाने नको म्हटलं. मला त्या नकाराचा अभिमान आहे, पण अभिमानावर डाळ शिजत नाही.

'दाखवण्यासारखं' हा शब्द मी विसरू शकत नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. हा पैसा लहान नाही. पण २०२१ पासून तो घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते, आयकर खात्याची प्रमाणपत्रं लागतात, आणि बाहेरच्या संस्थेला त्याच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी पैशाचं दार त्याआधीच आवळलं होतं. २०२० च्या दुरुस्तीने कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यावर बंदी आली. पूर्वी मोठी संस्था पैसे आणायची आणि वस्तीतल्या छोट्या गटाला त्यातला वाटा द्यायची. तो रस्ता बंद झाला. चोर पकडायला केलेला नियम असेल, पण त्यात सापडला तो मोहल्ल्यातला गट, ज्याला घरं माहीत आहेत. राहिल्या त्या मोठ्या संस्था, ज्यांना अर्ज माहीत आहे.

काही जण म्हणतील, पगारावर पैसे घालवू नका, सगळा पैसा गरिबापर्यंत पोहोचू द्या. हे वाक्य ऐकायला फार पाक वाटतं. पण शाळेची इमारत बांधून शिक्षक नेमला नाही तर मूल शिकेल का? वस्तीतली ती एक बाई, जी नळी बदलून देते आणि बुकिंग करून देते, तीच या योजनेची शिक्षिका आहे. पुण्याच्याच आरती संस्थेचं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या संस्थेचं उदाहरण घ्या. सरकारी चुलींचा कार्यक्रम बंद पडल्यावर त्यांनी परदेशी फाउंडेशनच्या मदतीचा उपयोग नुसत्या चुली वाटायला केला नाही. गावातले कुंभार, बचत गटांतल्या बाया, चूल घडवणारे कारागीर यांना शिकवून त्यांचा धंदा उभा करायला केला. अनुदान संपलं तरी चूल दुरुस्त करणारा माणूस गावात राहतो, हा त्यातला हिशेब. अनुदान वस्तूवर खर्च झालं तर वस्तूबरोबर संपतं. माणसावर झालं तर थोडं तरी मागे उरतं.

आणि अनुदान संपतंच. अमेरिकेत गरीब घरांच्या छतांवर सौरऊर्जा बसवण्यासाठी सात अब्ज डॉलरचा निधी वेगवेगळ्या राज्यांना आणि संस्थांना मंजूर झाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केल्याचं जाहीर केलं. तिथे ही गत, तर आपण कुणाच्या भरवशावर बसायचं? आपल्याकडे छतावरच्या सौरऊर्जेला केंद्र ७८,००० रुपयांपर्यंत मदत देतं, पण त्यासाठी आधी स्वतःचं छत लागतं. काशेवाडीतल्या भाडेकरूचं छत मालकाचं, मीटर मालकाचं, आणि युनिटचा भावसुद्धा मालकच ठरवतो. ज्याच्याकडे पत्त्याचा कागद नाही त्याला पाच किलोची छोटी टाकी मिळते, पण ती व्यापारी दराने, बिनसवलतीची. सगळ्यात गरीब माणूस किलोला सगळ्यात जास्त पैसे देतो.

ज्यांच्या नावाने आपली मंडई आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटला नसता. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतासाठी हजार रुपये काढायचं ठरवलं. जोतीराव फुले तेव्हा सभासद होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. मंडईची ही भव्य इमारत बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. १८८६ मध्ये ती उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं. आज तिच्यावर फुल्यांचं नाव आहे, आणि ज्या गंज पेठेत ते राहिले तिथे लाकडाचा धूर आहे. स्वागताचे फलक, फीत, फोटो यांवर किती आणि टाकीवर किती, हा प्रश्न त्यांनी सभागृहात उभं राहून विचारला असता.

आता माझ्या लोकांकडे वळते, कारण दुसऱ्यांना बोलणं सोपं असतं.

रमजानात आपण राशनचं किट वाटतो. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, खजूर, शेवया. फार चांगलं काम आहे, त्यात कुणाच्या नियतीवर मी शंका घेत नाही. पण ती डाळ शिजणार कशावर? पाच किलो तांदूळ घेऊन जाणारी बाई सहरीच्या वेळी, पहाटे चारला, धुरात बसून तो शिजवते आणि मग दिवसभर रोजा ठेवते. किटमध्ये टाकीचे पैसे घालायला काय हरकत आहे? काही जण म्हणतात, जकात खाण्यापिण्यासाठी असते. कुराणात सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. गरीब आणि मिस्कीन पहिले दोन. ज्याच्या घरी टाकी भरायला पैसे नाहीत तो या दोहोंत बसत नाही, असं कोण म्हणेल? हनफी मताने जकात घेणाऱ्याच्या मालकीची करून द्यावी लागते. भरलेली टाकी तिच्या हवाली केली की ती तिची झाली. ती टाकी तिने विकली तर? विकू द्या. औषधासाठी टाकी विकावी लागत असेल तर तिची गरज आपल्या अंदाजाहून मोठी होती, एवढंच कळेल.

आणि त्या आठांमधला तिसरा हकदार कोण? जकात गोळा करून पोहोचवणारे, आमिलीन. म्हणजे मदत पोहोचवणाऱ्याच्या मेहनतान्याची तजवीज खुद्द कुराणाने केली आहे. फकीह लोकांनी त्याच्या अटी सांगितल्या आहेत, आपापल्या मुफ्तींना त्या जरूर विचारा. पण काम करणाऱ्याला मोबदला देणं म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढणं, ही समजूत दीनातून आलेली नाही. ती देणगीदारांच्या अर्जातून आपल्या डोक्यात शिरली आहे.

जकातीबद्दल बहुसंख्य उलेमांचं मत आहे की ती मुसलमान हकदारालाच द्यावी. ठीक. पण सदक्याला, इमदादीला, आपल्या ट्रस्टांच्या सर्वसाधारण निधीला ती अट नाही. लोहियानगरात आमची आणि मातंगांची, बौद्धांची घरं एकाच पत्र्याला लागून आहेत. धूर भिंतीच्या फटीतून येतो, कलमा विचारून येत नाही. गल्लीतल्या एकाच बाजूच्या टाक्या भरल्या तर धूर जाणार नाही.

तेव्हा मागणी काय, ते सरळ लिहिते. जो कुणी या कामाला पैसे देईल त्याने निम्मे पैसे पहिल्या दिवशी द्यावेत आणि निम्मे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी बांधून ठेवावेत: टाकी, नळी, दुरुस्ती आणि घरोघर जाणाऱ्या बाईचा पगार. अहवालात 'किती वाटलं' हा रकाना शेवटी जावा. पहिला रकाना 'बाराव्या महिन्यात आणि चोविसाव्या महिन्यात किती टाक्या भरल्या' हा असावा. बुकिंगची नोंद गॅस एजन्सीकडे असतेच, बाईच्या संमतीने ती बघता येते, त्यासाठी वेगळा सर्वे लागत नाही. अंघोळीचं पाणी हिशेबात धरावं. भाडेकरू धरावा. अर्ज मराठीत, उर्दूत घ्यावा. आणि सरकारने छोट्या गटांना मोठ्या संस्थांमार्फत निधी मिळण्याचा रस्ता हिशेबाच्या कडक अटींसह पुन्हा उघडावा.

सरकार आणि कंपन्या हे उद्या ऐकतील, अशी माझी समजूत नाही. पण मोहल्ल्यातल्या ट्रस्टींना कुणाची परवानगी लागत नाही. येत्या रमजानाच्या आधी आपल्या गल्लीतली पन्नास घरं घ्या. कार्डावर नाव आहे का, हे विचारू नका. मागची टाकी कधी भरली, ते विचारा. ज्या घरी उत्तराला वेळ लागेल, तिथून काम सुरू करा.